छात्रालयातील कादंबरीकार

सहा वर्षे शिक्षकी करून जो मनुष्य शाळा सोडून गेला आणि पुन्हा त्या नोकरीवर कधीच परतला नाही, त्याला सबंध महाराष्ट्र आज शतकभर 'गुरुजी' या एकाच नावाने ओळखतो. पांडुरंग सदाशिव साने यांच्याविषयी विचार करताना प्रथम याच गोष्टीचे नवल वाटावयास हवे. तसे ते वाटत नाही, कारण साने गुरुजी हे नाव आपल्या भाषेत इतके रुळले आहे की त्यातील 'गुरुजी' हा शब्द आपण उपाधी म्हणून उच्चारतो, व्यवसाय म्हणून नव्हे. परिणामी एका शिक्षकाचा लेखक कसा झाला, त्याच्या लेखनात त्याची शिक्षकी कोठे उपयोगी पडली आणि कोठे आड आली, हा साहित्यशास्त्रीय दृष्ट्या अत्यंत मोलाचा प्रश्न मराठी समीक्षेने बव्हंशी बाजूस ठेवला आहे. तिने गुरुजींना एकतर वंदन केले आहे, नाहीतर त्यांच्या अश्रूंना नाक मुरडले आहे. या दोन्ही प्रकारांत 'श्यामची आई' हे पुस्तक प्रत्यक्षात वाचण्याचे श्रम वाचतात.

चरित्राचा सांगाडा परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात देतो. जन्म २४ डिसेंबर १८९९, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड येथे. घराणे खोताचे, परंतु उतरणीस लागलेले. आई यशोदा १९१७ साली वारली. पालगड, दापोली, औंध, पुणे असे शिक्षण दारिद्र्याशी झुंजत पुरे झाले. पुढे तत्त्वज्ञान मंदिराच्या ओढीने ते खानदेशात अमळनेरला आले. तेथील पांडित्याचे वातावरण त्यांना मानवले नाही. गावातील प्रताप हायस्कूल मात्र मानवले. १९२४ साली ते तेथे शिक्षक झाले, छात्रालयाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली, आणि १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या हाकेसरशी राजीनामा देऊन ते सत्याग्रहात गेले. धुळे, त्रिचनापल्ली, पुन्हा धुळे, नाशिक असे तुरुंग त्यांनी पाहिले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ तारखांच्या दरम्यान, म्हणजे अवघ्या पाच दिवसांत, 'श्यामची आई' लिहिली गेली. १९३५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

हे पाच दिवस आमच्याकडे चमत्कारासारखे सांगितले जातात. मातृप्रेमाचा बांध फुटला आणि पुस्तक वाहत आले, अशी ती कथा आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. कोणतेही पुस्तक पाच दिवसांत कागदावर उतरू शकते. ते पाच दिवसांत तयार मात्र होत नाही. 'श्यामची आई'ची तयारी अमळनेरच्या छात्रालयात झाली होती, आणि तिचा माग काढता येतो.

छात्रालयातील मुलांसाठी गुरुजी एक हस्तलिखित दैनिक काढीत. वर्गातील तासिका, संध्याकाळची प्रार्थना आणि रात्री मुलांशी चालणारे बोलणे यांना जोडून हे लेखन रोज होत असे. रोज लिहावयाचे, आणि ते उद्याच वाचणाऱ्या, ओळखीच्या तोंडाच्या पंचवीस-पन्नास मुलांसाठी लिहावयाचे, ही शिस्त कोणत्याही वाङ्मयीन मासिकाने त्या काळी कोणत्याही लेखकाला दिलेली नव्हती. मुलाचे लक्ष कोठे उडते, कोणते वाक्य लांबले की ते चुळबूळ करू लागते, उपमा कोणती पटते आणि कोणती डोक्यावरून जाते, याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी मिळत असे. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही चालविले. आज आपण ज्याला गुरुजींची साधी शैली म्हणतो ती स्वभावातून आपोआप आलेली नाही. ती मुलांनी घडविलेली शैली आहे.

यात आणखी एक दुवा आहे, आणि तो माझ्या मते निर्णायक आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती लिहून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले आणि आज 'गीता प्रवचने' म्हणून जो ग्रंथ देशभर वाचला जातो तो त्या लेखणीमुळे उरला. बोलणाऱ्याचा वेग, त्याच्या वाक्याची लय, घरगुती दृष्टांताकडे झुकणारा त्याचा कल हे सारे आठवड्यामागून आठवडे कानांनी टिपून कागदावर आणावयाचे, हा अभ्यास त्यांना घडला. यानंतर वर्षही उलटत नाही तोच ते नाशिकला 'श्यामची आई' लिहितात, आणि त्या पुस्तकाची घडण काय आहे? आश्रमातील सोबत्यांना प्रार्थनेनंतर श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो आहे. प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही, रात्री म्हटले आहे. बेचाळीस रात्री. छात्रालयातील रात्रीचे बोलणे आणि धुळ्यातील प्रवचनांचे श्रवण या दोहोंचा हा संगम आहे. पुस्तकाची घडी तोंडी आहे, आणि ती नेमाने ठरल्या वेळी बसणाऱ्या श्रोत्यांसाठी आहे. शिक्षकाची तासिकाच येथे कादंबरीचे रूप घेऊन आली आहे.

कादंबरी म्हणावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आठवणी म्हणा, कथामाला म्हणा; मी तिला मुलांची कादंबरी म्हणतो, कारण तीत एका घराची उतरंड सलगपणे दाखविलेली आहे आणि त्या उतरंडीबरोबर मुलगा मोठा होत जातो. 'मुलांसाठी' या शब्दाने तिची उंची कमी होते असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. साहित्य अकादमीने बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देण्यास २०१० साली आरंभ केला. विद्यापीठांच्या तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात त्याला सन्मानाची जागा मिळण्यास अजून किती काळ जावा लागेल कोण जाणे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शिक्षक जेव्हा मुलांसाठी लिहू लागतो तेव्हा त्याच्यापुढे एक मोठा धोका असतो, तो शिकविण्याचा. खडू खाली ठेवला तरी बोट उगारलेलेच राहते. जगातील पुष्कळसे बालसाहित्य या बोटामुळे निकामी झालेले आहे. इटालियन लेखक एदमोंदो दे अमीचिस याचे १८८६ चे 'कुओरे' हे पुस्तक उदाहरणादाखल घेता येईल. एका शाळकरी मुलाची वर्षभराची रोजनिशी असे त्याचे रूप आहे. परंतु त्या रोजनिशीत मुलाचे आईबाप वेळोवेळी उपदेशाची पत्रे लिहून ठेवितात. मुलाची वही मुलाची राहत नाही. त्या वर्गात फ्रांती नावाचा एक वाईट मुलगा आहे, जो नको तेथे हसतो. उंबेर्तो एको याने पुढे एक खट्याळ निबंध लिहून या फ्रांतीचीच बाजू घेतली, ती उगाच नव्हे. सगळे चांगले असलेल्या वर्गात वाचकाला वाईट मुलाचा आधार वाटू लागतो.

'श्यामची आई'त हा फ्रांती वेगळा शोधावा लागत नाही, कारण तो श्यामच आहे. हट्टी, भित्रा, लाजरा, लोक हसतील म्हणून कचरणारा. आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालावयाच्या, तर मुले चिडवतील म्हणून तो नकार देतो. पोहावयास भितो आणि लपून बसतो. पत्रावळ लावावयाचा कंटाळा करतो. पुस्तकाच्या मोहाने पैसे उचलतो. उमलण्यापूर्वीच कळ्या तोडून आणतो. पुस्तकात शिकविणारा जो आहे तो श्याम नव्हे. शिकविणारी आई आहे. आणि तिला शाळेचे अक्षरही ठाऊक नसावे अशा रीतीने ती शिकविते, म्हणजे काम करता करता, पान वाढता वाढता, क्वचित हातात फोक घेऊनही. अमळनेरच्या शिक्षकाने लेखक होताना एक विलक्षण गोष्ट केली: तो स्वतः उठून विद्यार्थ्याच्या बाकावर जाऊन बसला. सांगणारा मोठा श्याम अधूनमधून बोध करतो हे खरे. ते भाग पुस्तकातील दुबळे भाग आहेत हेही खरे. पण घटना घडत असते तेव्हा चूक श्यामची असते, आणि वाचणारे मूल चुकणाऱ्याच्या बाजूने आत शिरते.

हे विधान तपासून पाहावयाचे असेल तर त्यांचीच दुसरी कादंबरी घ्यावी. 'धडपडणारी मुले' ही छात्रालयाच्या अनुभवावर उभी आहे, आणि विषयाच्या दृष्टीने ती त्यांना अधिक जवळची असावयास हवी होती. परंतु तेथे शिक्षक शिक्षक म्हणूनच रंगमंचावर येतो, बोलू लागतो आणि पानेच्या पाने बोलतो. मुले ऐकतात. त्या काळी अनेक तरुण ते पुस्तक वाचून चळवळीत गेले असतील. वाङ्मय म्हणून ते मागे पडले. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी शिक्षकालाच नायक करून 'दिवास्वप्न' लिहिले आणि ते टिकले, कारण तो शिक्षक प्रयोग करतो, फसतो, वर्गात मुलांचा गोंधळ माजला की हतबुद्ध होतो. गुरुजींचा शिक्षक फसत नाही. त्यांचा श्याम फसतो. एवढाच फरक, पण सारा फरक त्यातच आहे.

त्यांच्या 'गोड गोष्टीं'चा उल्लेख येथे केला पाहिजे. व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' त्यांनी 'दुःखी' म्हणून, जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' 'मनूबाबा' म्हणून मराठी मुलांच्या हाती दिली. भाषांतरविद्येच्या आजच्या कसोट्या लावल्या तर त्यांत पुष्कळ न्यून दिसेल. तथापि खेड्यातील ज्या मुलाला इंग्रजीचे दार बंद होते त्याला सायलस मार्नर विणकर आपल्या शेजारच्या आळीत भेटला, हे काम लहान नव्हे.

चेन्नईत तौलनिक साहित्य शिकविताना हे पुस्तक मी इंग्रजी अनुवादातून वर्गात वाचावयास दिले. शांता गोखले यांचा अनुवाद २०२१ साली आल्यामुळे ते सुकर झाले आहे. वर्गातील एका तमिळ विद्यार्थिनीने जो आक्षेप घेतला तो असा: ही आई राबते, उपाशी राहते, आजारी पडते आणि मरते, आणि मुलगा तिचा महिमा गातो. तिच्या मरणाची किंमत कोणी दिली? याच प्रकरणांत महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढविण्यास आई श्यामला सांगते खरी, पण नंतर आंघोळ करावयासही सांगते. हे तुम्ही मुलांना कसे शिकविता?

आक्षेप रास्त आहे, आणि त्याला भक्तिभावाने उत्तर देता येत नाही. मी तिला पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे पुन्हा पाहावयास सांगितले, जो अर्धा आमच्या पाठ्यपुस्तकांनी जवळजवळ पुसून टाकला आहे. 'श्यामची आई' हे केवळ आईचे पुस्तक नाही. ते कर्जाचे पुस्तक आहे. वेगळे निघालेले घर, मातीची झोपडी, जप्तीची दवंडी, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान, हे त्यातले खरे कथानक आहे. त्या अपमानावर आई ज्या संतापाने उठते तो संताप आठवावा. सोशिकतेची मूर्ती म्हणून तिची जी तसबीर घरोघर लावली गेली तीत तो बसत नाही. शाळेतील पाठांत मात्र सुटे प्रसंग येतात, आणि खाली ठराविक प्रश्न असतो: या पाठावरून तुम्हांस काय बोध होतो? पत्रावळीचा पाठ उरतो, जप्ती गळते. पाय मळू नयेत म्हणून पदर पसरणारी आई उरते, तिच्या अंगावरचे दागिने कोठे गेले हा प्रश्न गळतो. संस्कारांचे पुस्तक म्हणून ते जितके गाजत गेले तितके ते कादंबरी म्हणून वाचले जाणे कमी होत गेले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढील पिढ्यांच्या मनातील श्याम व आई त्या पडद्यावरून आली, यानेही थोडाफार हातभार लागला असेल. पुस्तकाला दोष तेथे देऊ नये.

आंघोळीचे काय? गुरुजींनी ती आंघोळ लपविली नाही, याला मी त्यांच्या कलेचा प्रामाणिकपणा मानतो. आपल्या आईला तिच्या काळाहून मोठी दाखविणे त्यांना सहज शक्य होते. १९३३ साली, गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या मोहिमेच्या ऐन दिवसांत, तुरुंगात बसलेल्या सत्याग्रह्याला तो मोह झाला नसेल असे नाही. त्यांनी तिला होती तेथेच ठेवले: हात द्यावयास सांगणारी आणि विटाळ मानणारी. पुढे १९४७ च्या मे महिन्यात त्याच मुलाने पंढरपुरास विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. ती आंघोळ आणि हे उपोषण यांच्यामधले अंतर वर्गात मोजून दाखविता येते. आंघोळ गाळली तर मोजावयास काही उरत नाही.

याहून कठीण अशी एक बाजू पुस्तकात खरोखरच नाही, आणि ती सांगितलीच पाहिजे. श्यामचा बाप खोत आहे. खोत कर्जबाजारी झाला म्हणजे काय होते हे आपल्याला दिसते. खोताच्या कुळाचे काय होत असे ते दिसत नाही. पालगडच्या दापोली तालुक्याला लागून मंडणगड तालुका आहे, आणि त्यात डॉ. आंबेडकरांच्या पूर्वजांचे आंबडवे गाव आहे. खोती नष्ट करावी म्हणून आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले ते १९३७ साली, म्हणजे 'श्यामची आई' प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनी. कायदा होण्यास १९४९ उजाडावे लागले. एकाच मातीतील हे दोन दस्तऐवज आहेत. आजारी मथुरीविषयी आईला वाटणारी कणव पुस्तकात आहे, पण मथुरीच्या घरात लेखक शिरत नाही. तेथे शिरावयास मराठीला दलित आत्मकथनांपर्यंत थांबावे लागले. ही मर्यादा सांगितल्याने गुरुजी लहान होत नाहीत. न सांगितल्याने मात्र आपले विद्यार्थी आपल्यावर अविश्वास दाखवितात, आणि त्यांचे चुकत नाही.

चेन्नईतून लिहीत असल्यामुळे एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. १९३०-३१ च्या कारावासात गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे दक्षिणेतील सत्याग्रह्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले, आणि पुढे तिरुक्कुरळाचा त्यांनी मराठी अनुवाद केला. नुंगंबाक्कम भागात १९७६ साली उभारलेल्या वळ्ळुवर कोट्टमच्या दालनात कुरळाच्या १३३० द्विपदी कोरल्या आहेत. ती वास्तू पाहावयास येणाऱ्या मराठी पाहुण्यांना, या ग्रंथाचे भाषांतर 'श्यामची आई'च्या लेखकाने केले आहे असे सांगितले की ते चकित होतात. चकित होण्याचे कारण मला समजते: आम्ही गुरुजींना आईच्या पदराशी असे काही बांधून ठेवले आहे की तुरुंगात बसून परकी लिपी गिरविणारा तिशीतला विद्यार्थी आमच्या डोळ्यांपुढे येतच नाही. पण हाच तो मनुष्य होता. शिकविणे सोडून महिने झाले नाहीत तोच तो शिकावयास बसला. भारतातील भाषांनी एकमेकींच्या घरी जावे-यावे ही त्यांची आंतरभारतीची कल्पना याच अनुभवातून उगवली. १९४८ च्या १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच या जगाचा निरोप घेतला. आंतरभारतीचे काम अनुयायांवर राहिले, आणि ते अनुयायांवर राहिलेल्या कामांप्रमाणेच चालले.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; तमिळला तो २००४ सालीच मिळाला होता. दोन्हीकडे समारंभ झाले. या दोन अभिजात भाषांतील मुलांची पुस्तके एकमेकींकडे किती जातात हा प्रश्न समारंभात कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. एके काळी या शहरातून ती जात होती. 'चांदोबा' याच मद्रासेत छापला जाऊन मराठी घरांत येत असे आणि तो परका आहे अशी शंकाही मुलांना येत नसे. तो व्यवहार थांबून आता बरीच वर्षे झाली.

त्या आक्षेप घेणाऱ्या विद्यार्थिनीने सत्राच्या अखेरीस 'श्यामची आई'तील दोन रात्री तमिळमध्ये उतरविण्याचे काम मागून घेतले. इंग्रजीवरून नव्हे, मला शेजारी बसवून मूळ मराठीवरून. पुष्कळ शब्द तिला अडले नाहीत. सोवळ्याला तिच्या आजीच्या बोलण्यातला 'मडि' शब्द तयार होता. पत्रावळीला 'तैयल इलै', म्हणजे टाचलेले पान, हा शब्द ती चटकन बोलून गेली. इंग्रजी अनुवादकाला तेथे किती शब्द खर्चावे लागतात ते आम्ही नुकतेच पाहिले होते. अडली ती 'खोत' या शब्दावर. तंजावर भागातील 'मिरासदार' तिने सुचविला. मी नको म्हटले, कारण मिरासदार जमिनीचा धनी, आणि खोत हा मुळात सरकारसाठी सारा वसूल करणारा मधला माणूस. दोघांचे बुडणे सारखे नव्हे. मग तिने विचारले की श्यामच्या वडिलांचे कर्ज नेमके कशातून झाले, शेतीतून, वाटणीतून, की खोतीचा थाट राखण्यातून? त्यासाठी आम्ही ते पुस्तक पुन्हा पहिल्या रात्रीपासून वाचावयास घेतले आहे, आणि या वेळी हाती पेन्सिल घेऊन प्रत्येक रुपयाचा उल्लेख टिपीत चाललो आहोत.